बसा रे सगळे

मोठी गाडी ओढायला मोठीच गाडी लागते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काट्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्याकडे होती ती एवढीशी व्हॅन, आणि तिच्या मागे दोरी बांधून तो बंद पडलेल्या गाड्या या गावाहून त्या गावाला पोचवायचा. लहान तोंडी मोठा घास, असं लोक म्हणायचे. घास मोठा होता खरा, पण आजवर घशात अडकला नव्हता. ट्रकवर चढवून गाडी न्यायला ज्यांना परवडत नाही ते त्याला बोलावत. मग सपाटीला तिसरा गिअर, चढ आला की दुसरा, चढ वाढला की पहिला, क्लचप्लेटचा जळका वास, रेडिएटरची उकळी, रस्त्याकडेला थांबून पाणी ओतणं आणि मागून येणाऱ्यांच्या शिव्या. वर्षानुवर्षं हेच करून माणूस दमतो. व्हॅन तर कधीच दमली होती.

काटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पूर्वी याच व्हॅनमधून तो उतारू नेत असे, आणि मागे वळून न बघता किती जण बसलेत ते सांगत असे. क्लच सोडला की गाडी कशी उचलते त्यावरून त्याच्या पायाला कळायचं. कुणी गुपचूप जादा घुसला, तर हा समोर बघतच म्हणायचा, "एक जण उतरा." म्हणून लोक त्याला वजनकाटा म्हणू लागले, आणि पुढे नुसताच काटा. निघताना खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचं, "बसा रे सगळे!" आणि पोचलं की, "उतरा सगळे!" पुढे उतारू गेले, ओरडणं राहिलं. जित्याची खोड, दुसरं काय.

आता त्याच्या मागे असायची एक मेलेली गाडी, आणि तिच्यात बायकोचा धाकटा भाऊ. दोरी फक्त ओढते. ती वळवत नाही आणि थांबवतही नाही, म्हणून मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायला माणूस लागतोच. उताराला तर त्याचंच काम जास्त. ब्रेक सतत थोडा दाबून दोरी ताणलेली ठेवायची, नाहीतर मागची गाडी पुढचीच्या पाठीवर येऊन बसते. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, पायात गोळे येतात. इतकी वर्षं हे करताना मेहुण्याने व्हॅनचं मागचं दार सोडून काही बघितलं नव्हतं. लोकांनी त्याचं नाव शेपूट ठेवलं. त्याला त्याचं काही नव्हतं. शेपूट नसलं तर जनावराच्या अंगावरच्या माश्या कोण उडवणार, असं तो म्हणायचा.

काटा ओरडायचा, "बसा रे सगळे!" मागच्या खिडकीतून हात बाहेर यायचा, "बसलो!" मगच क्लच सुटायचा. थट्टा होती, पण कामाचीही होती. मागचा तयार नसताना दोरीला हिसका बसला तर मान लचकते.

शेपूट अंगाने दणकट. परतीच्या वाटेवर तो काट्याच्या शेजारी बसायचा तेव्हा व्हॅन त्या अंगाला कलायची. घराच्या अलीकडे एक चढ आहे. काटा एकटा असला की व्हॅन तो तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, शेपूट असला की दुसरा टाकावाच लागायचा. दारात थांबल्यावर शेपूट उतरला की डाव्या बाजूची स्प्रिंग मोठ्याने करकरायची, आणि ती करकर ऐकून काट्याची बायको आतूनच म्हणायची, "आला ग बाई माझा भाऊ," आणि चहाचं आधण ठेवायची. नवरा आला की नाही हे तिला विचारावं लागायचं. भावाचं तिला कळायचं.

काटा यावरून चिडवायला गेला की ती म्हणायची, "माझ्या भावाचं वजन काढू नका." आईवेगळं पोर तिनं वाढवलेलं. मागे एकदा उतारावर ब्रेक निकामी होऊन शेपूट व्हॅनवर आदळला, कपाळाला टाके पडले, तेव्हापासून हे काम सोड म्हणून तिनं धोशा लावला होता. शेवटी त्याला बसच्या आगारात पक्की नोकरी मिळाली. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याआधी ही शेवटची खेप.

निघताना ती व्हॅनच्या खिडकीशी आली. "अहो, एवढी एक खेप," म्हणाली. "त्याला धड घरी आणून सोडा. मग तुम्ही आणि तुमची दोरी."

"आणतो," काटा म्हणाला.

गाडी होती एका बंद कारखान्याच्या आवारात. लांबलचक, मळक्या रंगाची, मागे समोरासमोर दोन बाकं. ताडपत्री ओढली तशी धूळ उडाली आणि दोघांनाही ठसका लागला. इंजिन कुणीतरी केव्हाच काढून नेलं होतं. चाकांत हवा भरली, ती राहिली. राखणदार म्हातारा लांब सावलीत बसून बघत होता, उठून हात लावायला काही आला नाही. पाळी सुटली की कामगारांना घरोघर सोडायची गाडी ही, एवढं त्याने सांगितलं. जागा कधी पुरायची नाही. उरलेले रस्त्याला उभे राहायचे, पुढच्या फेरीची वाट बघत.

"आत्ता मागे कोण बसणार?" त्याने विचारलं.

काट्याने शेपटाकडे बोट दाखवलं.

"एकटाच?" म्हातारा म्हणाला.

दोरी बांधली, मध्यावर लाल फडकं बांधलं. काट्याने डोकं बाहेर काढलं. "बसा रे सगळे!"

"बसलो!"

क्लच सोडला तशी व्हॅन जरा जास्तच कण्हली. इतकी वर्षं उभी असलेली गाडी, चाकं आखडली असतील, काट्याने मनाशी म्हटलं. फाटकाबाहेर पडल्यावर सुटेल. पण रस्ता सपाट होता, ऊन चढत होतं आणि गाडी काही सुटेना. त्याचा पाय सांगत होता, मागे दोघे आहेत. पायाला कोण शहाणपण शिकवणार? त्याने दुर्लक्ष केलं.

पहिला थांबा एका नळाशी. शेजारी पत्रा उडालेला बसथांबा होता, नुसते चार खांब आणि एक सिमेंटचं बाकडं, सगळं रिकामं. रेडिएटरला पाणी दाखवलं, तोंडावर पाणी मारलं, शेपटाने पाय झाडले. उन्हात रस्ता इतका शांत होता की गरम इंजिनची टिकटिक ऐकू येत होती. काटा व्हॅनमध्ये चढला, सवयीने ओरडला, उत्तर आलं, आणि क्लच सोडताना त्याच्या पोटरीत कळ आली. मागे आणखी एक जण.

थोडं पुढे जाऊन त्याने गाडी बाजूला घेतली. ब्रेक चिकटला असेल, एखादं चाक धरत असेल. त्याने चारही चाकांना हात लावून बघितला. एकही तापलेलं नव्हतं. मग त्याने मागच्या चाकावर, चाक आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत हात घातला. सकाळी हवा भरताना तिथे त्याचा पंजा आडवा मावला होता. आता बोटं कशीबशी जात होती.

"बाकाखालच्या पेटीत काही भरलंय का रे?" त्याने विचारलं. शेपटाने पेटी उघडून दाखवली. आत एक गंजका पाना होता.

दुपारी पेट्रोल पंपावर थांबले. पंपाच्या समोर मोडकी भिंत होती आणि भिंतीच्या सावलीत, माणसं उभी राहून राहून गुळगुळीत होते तशी जमीन. उभं मात्र कुणी नव्हतं. भाकरतुकडा खाताना शेपूट गप्प होता. एरवी त्याचं तोंड मिटत नाही. खाऊन झालं तरी तो मागच्या गाडीकडे जाईना.

"दाजी, मी पुढे बसू का?"

"आणि स्टिअरिंग कोण धरणार? तुझी ताई?"

तो हसला नाही. मग हळूहळू बोलला. मागे कुणीतरी आहे असं नाही म्हणत मी, म्हणाला. पण मागून श्वास ऐकू येतात. झोपलेल्या माणसांचे. खूप दमून बसल्या बसल्या डोळा लागतो ना, तसे. भीती वाटते का, असं काट्याने विचारलं.

"भीती नाही वाटत, दाजी. झोप येते. त्यांचे श्वास ऐकून मलाही झोप येते."

काट्याने जाऊन मागचं दार उघडलं. बाकांवर जुनं रेक्झिन होतं, आत जाड फोम. धुळीचा वास, त्याखाली घामाचा. बाकावर बसल्या जागेसारखे खळगे होते. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांतला एक खळगा हळूहळू वर आला आणि सपाट झाला. कुणी दाराकडचं सरकून आत बसावं, तसा पलीकडे दुसरा पडला.

त्याने दार लावलं. अगदी हळू लावलं, आतल्यांची झोपमोड होऊ नये तसं, आणि मग स्वतःचाच राग येऊन त्याने व्हॅनच्या चाकाला लाथ मारली.

गाडी तिथेच सोडून द्यावी, हे त्याच्या मनात आलं नाही असं कोण म्हणेल? पण घेतलेलं काम अर्ध्यावर टाकलं असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि असली गोष्ट सांगायची तरी कुणाला? गाडीत कुणी नाही पण ती भरलीय, म्हणून सांगणार? लोक तोंडात शेण घालतील. पुढे घाट होता, घाट उतरला की गॅरेज. संध्याकाळच्या आत गाडी तिथे टाकायची आणि मोकळं व्हायचं. शेपटाला त्याने सांगितलं, खिडक्या उघड्या ठेव, गाणी म्हण, झोप आली तर हाक मार. आणि मी आता ओरडणार नाही. हात दाखव, मी निघतो.

शेपटाने त्याच्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं तर.

पंपावरून निघताना काटा ओरडला नाही. गाडी होती तेवढीच जड राहिली. त्याला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

घाटाच्या पायथ्याशी शेवटचा थांबा. इंजिन उकळत होतं. घाट चढायचा तर पाणी बदलायलाच हवं होतं. तिथे एक ओढा होता, आणि रस्त्याकडेला एक मोठा दगडी कट्टा, लांबच लांब. कट्ट्याकडे बघायचं नाही असं काट्याने ठरवलं आणि बघितलं नाही. पाणी ओतलं, झाकण घट्ट केलं, हात पुसले, व्हॅनमध्ये बसला. डोक्यात सगळा घाट होता. कुठे पहिला टाकायचा, कुठे क्लच भाजेल, कुठे थांबता येणार नाही. गिअरवर हात ठेवला आणि खिडकीतून डोकं बाहेर गेलं.

"बसा रे सगळे!"

शब्द बाहेर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"बसलो!" मागून आवाज आला. आवाज शेपटाचाच.

त्याने आरशात बघितलं. शेपूट अजून ओढ्याशी होता. कॅन भरून, मान खाली घालून, जड पावलांनी गाडीकडे येत होता. त्याने वर बघितलं नाही. त्याने काही ऐकलंच नव्हतं.

काट्याने त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होता? शेपूट आत बसला, खिडकीतून हात दाखवला. काट्याने क्लच सोडला.

व्हॅन हललीच नाही. मग हलली. आजवर तिने असा आवाज काढला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याहून हळू, ती चढू लागली. पायाखालचा पत्रा तापला. क्लचचा वास नाकात बसला. मागे किती आहेत हे मोजायचं काट्याच्या पायाने सोडून दिलं होतं. त्याच्या पाठीत, मानेत, दातांत ते वजन आलं होतं. दिवसभर उभं राहिलेल्यांचं वजन. त्याला वाटलं, आपणही थांबावं. कट्ट्यावर बसावं. कुणीतरी येईल, नेईल.

मग बायकोचा चेहरा आठवला. धड घरी आणून सोडा, म्हणाली होती. त्याने दात आवळले.

माथा आला.

आता उतार. एवढं वजन मागे, आणि मध्ये नुसती दोरी. पण दोरी ढिली पडली नाही. एकदाही नाही. वळणावर, खड्ड्यात, जिथे शेपटाचाही पाय चुकायचा तिथेसुद्धा लाल फडकं एका रेषेत होतं. इतका सुरेख ब्रेक शेपटाने जन्मात धरला नव्हता.

काट्याने आरशात बघितलं.

शेपटाची मान छातीवर पडली होती. हात मांडीवर होते. तो गाढ झोपला होता.

स्टिअरिंग वळत होतं.

काट्याने हॉर्न दाबला. दाबत राहिला. शेपूट हलला नाही. थांबायची सोय नव्हती, थांबला असता तर ते सगळं वजन अंगावर आलं असतं. उतारभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे माझ्या शब्दावर बसलेत. माझ्याच शब्दावर उतरतील.

गॅरेजच्या फाटकातून आत शिरले तेव्हा उजेड होता. व्हॅन थांबली आणि मागची गाडी, दोरी ताणलेलीच ठेवून, तिच्या मागे थांबली. काटा खाली उतरला. त्याने गाडीच्या टपावर थाप मारली आणि पूर्वी उतारूंना ओरडायचा तसा, छातीतून ओरडला.

"उतरा सगळे!"

दारं उघडली नाहीत. पण गाडीचा मागचा भाग वर आला. थोडा. मग आणखी थोडा. मग पुन्हा. प्रत्येक वेळी स्प्रिंग हलकेच कुरकुरायची. काटा बघत उभा राहिला, आणि त्याला रडू आलं, सुटल्याचं. शेवटी पुढची डावी बाजू वर आली, मग उजवी. गाडी सकाळी होती तशी उभी राहिली.

शेपूट जागा झाला. दार उघडून बाहेर आला, आळस दिला.

"झोप लागली वाटतं मला," तो म्हणाला. "आता कसं हलकं वाटतंय, दाजी."

काट्याने त्याला मिठीच मारली. असं त्याने कधी केलं नव्हतं. गॅरेजवाला बघून हसला. त्या रात्री काटा मेल्यासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. शेपूट शेजारी बसला, डोकं काचेला टेकवून. रस्ता छान होता, ऊन कोवळं होतं. व्हॅन तरतरीत चालत होती, आणि काटा तिच्यावर खूश होता. बिचारी सुटली, त्याने मनाशी म्हटलं. नोकरीवर हजर होताना काय घालायचं, आगारात जेवण मिळतं का, असलं काहीबाही शेपूट बोलत होता. हळू आवाजात, झोपाळल्यासारखा. घाट त्यांनी हसत ओलांडला. पायथ्याच्या कट्ट्याकडे दोघांनीही बघितलं नाही. काट्याला घरी जायची घाई झाली होती. बायकोपुढे शेपटाला उभा करायचा आणि म्हणायचं, घे तुझा भाऊ, हातीपायी धड.

दुपारी घराजवळचा चढ आला. काट्याचा हात सवयीने दुसरा गिअर टाकायला गेला.

व्हॅन तिसऱ्यात चढत होती.

त्याने हात तसाच ठेवला. चढ मध्यावर आला, इथे ती नेहमी धापा टाकते. आत्ता सरळ चढत होती. कुरकुर नाही, काही नाही. काट्याच्या पायाला एकट्याचं वजन कळत होतं. स्वतःचं.

त्याने शेजारी बघितलं नाही. शेपूट आगाराबद्दल बोलत होता. व्हॅन कुठल्याच अंगाला कलली नव्हती.

उतरा सगळे, असं म्हणाला होता तो. सगळे. एकाला तरी वगळायचं होतं.

चढ संपू नये असं त्याला वाटलं, आणि चढ संपला. त्याने गाडी दारात उभी केली, इंजिन बंद केलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. बायको स्वयंपाकघरात होती.

शेपूट दार उघडून उतरला.

स्प्रिंग करकरली नाही. व्हॅन जराही हलली नाही.

आत भांडी वाजत राहिली. दाराशी कुणी आलं नाही. शेपूट अंगणात उभा राहून थोडा वेळ वाट बघत राहिला. मग काट्याकडे वळून दमलेलं हसला.

"ताईला कळलं नाही वाटतं, मी आलो ते," तो म्हणाला. "दाजी, तुम्हीच हाक मारा ना."